अकराशे फोटो आणि एक हिरवी भिंत

नमस्कार ताई,

मी वारज्यात राहते. दोन बेडरूमचा फ्लॅट, कार्पेट 640 चौरस फूट. घरात आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. रात्री निजानीज झाली की मी फोनवर घरांचे फोटो बघत बसते. कोपनहेगनमधलं कुणाचं तरी स्वयंपाकघर, जयपूरची हवेली, बंगळूरचा विटांचा बंगला. आवडलं की सेव्ह. परवा मोजले तर 1,100 च्या वर निघाले. नवरा म्हणतो, 'एवढे तास ओव्हरटाइम केला असतास तर एक रो-हाउस झालं असतं.'

गंमत जाऊ दे, पण दोन गोष्टी सलतात. फोटो बघून उठलं की आपलं घर डोळ्यांत खुपायला लागतं. सासूबाईंचं लोखंडी कपाट, ड्राय बाल्कनीतला पसारा, पावसाळाभर हॉलमध्ये वाळणारे कपडे. आणि दुसरं म्हणजे गेल्या पाडव्याला एका फोटोवरून हॉलची एक भिंत गडद हिरवी करून घेतली. फोटोत ती राजेशाही दिसत होती. आमच्याकडे तिची सरकारी कचेरी झाली. शेड नंबर अगदी तोच होता! दोन्ही फोटो सोबत पाठवते आहे, आणि सेव्ह केलेल्यांपैकी वीस-पंचवीसही.

दिवाळीपर्यंत चाळीसेक हजार खर्च करता येतील. या फोटोंमधून खरंच काही शिकता येतं, की हा नुसता वेळ घालवायचा नाद आहे? आणि त्या भिंतीचं काय करू?

– हिरव्या भिंतीची मालकीण, वारजे

*

भिंतीपासून सुरुवात करते. फोन बंद करता येतो, भिंत येत नाही.

तो मूळ फोटो पुन्हा उघडा आणि भिंत सोडून बाकीचं सगळं बघा. खुर्चीची सावली उजवीकडे पडली आहे, म्हणजे डावीकडे, चौकटीच्या बाहेर, मोठी खिडकी आहे. त्या उजेडानं भिंतीचं एक टोक पोपटीकडे झुकलंय आणि दुसरं जवळजवळ काळं पडलंय. मधे पाच-सहा हिरवे आहेत. डब्यातून रंग एकच आला होता, बाकीचे खिडकीनं दिले. कोपऱ्यात टेबललॅम्प आहे, त्याचा पिवळा उजेड खालून वर चढतो.

आता तुमचा फोटो. भिंतीच्या बरोबर समोर, मधोमध, एलईडीची ट्यूब. खोक्यावर बहुतेक 'कूल डेलाइट, 6500 के' असं लिहिलेलं असणार. तो निळसर पांढरा उजेड भिंतीवर इकडून तिकडे सारखा पसरतो. त्यात हिरव्यातली ऊब मरते आणि उरतो तो फायलींच्या कपाटाचा हिरवा. शिवाय रंगाऱ्यानं चकाकीचा रंग दिलाय, ट्यूब चक्क भिंतीत दिसते आहे. मूळ फोटोतला रंग मॅट आहे. आता शेड नंबर तोच असून काय उपयोग?

तेव्हा रंग बदलू नका. ट्यूबही काढू नका, मुलाच्या अभ्यासाला आणि सासूबाईंना पालेभाजी निवडायला ती लागते. फक्त संध्याकाळी सात-साडेसातनंतर ती बंद ठेवा आणि 2,700 ते 3,000 केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दोन दिवे लावा. एक भिंतीच्या डाव्या टोकाला जमिनीजवळ, एक उजवीकडे स्टुलावर. दोन हजारांच्या आत काम होतं. आठवडाभर तसं राहून बघा. तरीही कचेरीच वाटली तर त्याच शेडचा मॅट रंग घ्या, भिंतीला आधी पॉलिश पेपर मारून चकाकी घालवायला लावा आणि मग हात द्या. पुढच्या वेळी मात्र रंगाचा लहान डबा आणून दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगवायचा आणि सकाळी आठला, दुपारी चारला नि रात्री ट्यूबखाली, असा तीनदा बघायचा. रंगाऱ्याला ही कटकट वाटते. वाटू द्या.

आता तुमच्या अकराशे फोटोंकडे वळते. माझे किती आहेत ते मी सांगणार नाही.

मी इंटिरिअरची कामं करायला लागले त्याला सत्तावीस वर्षं झाली. केलेल्या घराचे फोटो काढायची वेळ आली की मी तिथे हजर असते, त्यामुळे पडद्यामागचं थोडं ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी औंधमधल्या एका घराचं शूट होतं. एप्रिल महिना. सकाळी सातला सुरुवात झाली आणि पहिल्यांदा काय झालं असेल, तर फ्रीज उचलून मागच्या बेडरूममध्ये गेला, कारण स्वयंपाकघराच्या फोटोत तो 'जड' दिसत होता. मग सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला. फोटोत त्यानं खोली खोल दिसते. प्रत्यक्षात मागून जायचं तर पोट आत घ्यावं लागत होतं. पडद्यांच्या चुण्या मागून कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवल्या. फोटोग्राफरनं तिकाटणं कमरेच्या उंचीवर लावलं, घरातले सगळे दिवे घालवले आणि एकाच जागेवरून पाच फोटो काढले. एकात खिडकीबाहेरचं झाड नीट, एकात सोफ्याखालची जमीन नीट, बाकीचे मधले. नंतर संगणकावर ते पाचही एकात मिसळायचे. माणसाच्या डोळ्याला दोन्ही पुरतात, कॅमेऱ्याला एका फटक्यात पुरत नाहीत, म्हणून ही सगळी उठाठेव. शेवटी छताचा पंखा पुसून टाकला. एप्रिलातलं पुणं आणि हॉलला पंखा नाही!

त्या घरातल्या आजी सकाळपासून मागच्या खोलीत बसून होत्या. अकराच्या सुमाराला त्यांनी दार किलकिलं केलं आणि मला हळूच विचारलं, 'अगं, हा फ्रीज इथं आणून ठेवलात ते बरं केलंत, माझं इन्सुलिन त्यातच असतं. पण प्लग लावायचा राहिलाय बघ.'

फोटो फार सुंदर आले. छापूनही आले. आजी, त्यांची काठी, फ्रीज, पंखा, यांतलं काहीही त्यात नाही.

ही काही आजकालची चलाखी नव्हे. जुलियस शुलमन या अमेरिकन फोटोग्राफरचा 1960 सालचा एक फोटो घरांच्या छायाचित्रणात सगळ्यांत गाजलेल्यांपैकी आहे. लॉस एंजलिसच्या डोंगरकड्यावर काचेचं घर, आत दोन तरुणी गप्पा मारत बसलेल्या आणि खाली रात्रीच्या शहराच्या दिव्यांचं जाळं. पियर कोनिग या वास्तुविशारदाचं ते घर. शहराचे दिवे फिल्मवर उमटावेत म्हणून शुलमननं काही मिनिटं शटर उघडं ठेवलं आणि आतल्या बायकांसाठी त्याच फिल्मवर वेगळा फ्लॅश मारला. म्हणजे त्या फोटोतलं दृश्य तसंच्या तसं त्या रात्री कुणाच्याही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मला यात फसवणूक वाटत नाही. रांगोळीतला मोर मोरासारखा नसतो, म्हणून कुणी तक्रार करतं का?

तुमची गल्लत एवढीच होते आहे की त्यांची पाच फोटो मिसळलेली सकाळ तुम्ही तुमच्या पावसाळ्यातल्या संध्याकाळी सातशी ताडून बघता. तेही दिवसभर नोकरी करून आल्यावर. तुमच्या घराची त्यात काही चूक नाही.

आता कोपनहेगन. तुमच्या पाठवलेल्या वीस-पंचवीस फोटोंत निम्मी घरं तिकडची दिसली. पांढऱ्या भिंती, पांढरे पातळ पडदे, फिकट लाकूड. कोपनहेगनला डिसेंबरात ऐन दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम 11 अंश चढतो आणि दिवस सात तासांत आटोपतो. त्या माणसांना मिळेल तो उजेड घरभर खेळवायचा असतो. म्हणून सगळं पांढरं. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारचा सूर्य 48 अंशांवर असतो, आणि मे महिन्याच्या मध्याला तर एक दिवस असा येतो की भर दुपारी पुण्यात उभ्या काठीची सावली पडत नाही. इथे उजेड कमी पडत नाही, डोळ्यांवर येतो. ती पांढरी खोली जशीच्या तशी वारज्यात पश्चिमेच्या खिडकीला लावलीत तर दुपारी चारला डोळ्यांवर हात धरून चहा प्यावा लागेल. वर हायवेची धूळ. पांढरा सोफा तिथे दोन महिने टिकला तर मला कळवा.

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी उजेडाचं काय केलं ते बघायला फार लांब जावं लागत नाही. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबाग वाडा, दुसऱ्या बाजीरावानं 1807 च्या सुमारास बांधलेला. शाळेच्या सहलीत तुम्ही तो पाहिला असेल, पण तेव्हा लक्ष भेळेकडे असतं. आता पुन्हा जा. रस्त्यावरून तो लाकडी कोरीव सज्जा बघा, आत जाता आलं तर चौकात उभ्या राहा. ऊन चौकात पडतं, फरशीवरून उसळतं, ओसरीच्या खांबांमधून गाळून घेतल्यासारखं आत येतं आणि खोलीत पोचेपर्यंत निवलेलं असतं. फ्लॅटमध्ये चौक कुठून आणणार, हे मलाही कळतं. पण पश्चिमेच्या खिडकीला बुरुडाकडून मापाचा बांबूचा पडदा करून घेता येतो, बाहेरच्या बाजूनं. ऊन काचेच्या आत यायच्या आधीच अडलं पाहिजे. आतून कितीही जाड पडदा लावा, काच तापली की तापली.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. मी तिथे दर वर्षी एकदा जाते. नेमकं बघायचं म्हणजे अडकित्ते. सुपारी कातरायची वस्तू, पण कुणी तिचा पोपट केला, कुणी घोडा, कुणी बाई-पुरुषाची जोडी. आणि इतकं करूनही हाताची पकड कुठे सुटलेली नाही. अकराशे फोटोंनी मला जे शिकवलं नसतं ते त्या एका कपाटानं शिकवलं. तिथल्या दारांकडेही बघा. नक्षी बाजूला ठेवा, जाडी बघा, कडी कुठल्या उंचीवर आहे ते बघा. वेळ उरला तर कसब्यातल्या तांबट आळीत चक्कर मारा. मठाराचं काम चालू असतं तिथे, हातोडीच्या प्रत्येक घावाचा एक खळगा. दिवा जवळ आला की त्या खळग्यांत शंभर दिवे पेटतात. त्यातलं एखादं घंगाळं तुमच्या हिरव्या भिंतीपुढे, त्या जमिनीजवळच्या दिव्याशेजारी कसं दिसेल? मी फक्त विचारते आहे.

पण आधी फोटोंची आवराआवर. एक रविवार दुपार काढा. अकराशेतून वीस ठेवायचे, बाकीचे खोडून टाकायचे. जीव जाईल, जाऊ द्या. मग त्या प्रत्येकाखाली एक ओळ लिहायची: यात मला काय आवडलं. अट एकच. मस्त, छान, क्लासी, कोझी हे शब्द वापरायचे नाहीत. 'खिडकीशेजारी पाय वर घेऊन बसायला जागा आहे' असं लिहा. 'जमिनीवर काहीच ठेवलेलं नाही' असं लिहा. वीस ओळी झाल्या की वहीत एकाखाली एक वाचा.

हा उद्योग मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला करायला लावते. एक बाई निळ्या सोफ्याचे चौदा फोटो घेऊन आल्या होत्या. सोफ्याचं बजेट सत्तर हजार. ओळी लिहून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की चौदातल्या बारा फोटोंत सोफ्याच्या पाठीमागे खिडकी होती. त्यांच्या घरी दिवाण टीव्हीसमोर होता आणि खिडकी कोपऱ्यात, पडद्याआड, इस्त्रीचे कपडे ठेवायला. त्यांना हवा होता तो पाठीवर येणारा सकाळचा उजेड आणि हातात पेपर. दिवाण फिरवला. दोन हमालांचे पाचशे रुपये आणि वर चहा. निळ्या रंगाची हौस दोन तक्क्यांनी भागली. माझी फी त्यांना जरा जास्त वाटली असेल, पण तो वेगळा विषय.

वस्तू आवडली असं आपल्याला वाटतं तेव्हा बरेचदा जागा आवडलेली असते, किंवा उजेड, किंवा नुसता मोकळेपणा. वस्तू विकत मिळते म्हणून आपण तिच्यामागे लागतो.

यानंतर कॅमेरा स्वतःच्या घराकडे वळवा. कुणाला पाठवायला नव्हे. सकाळी दहाच्या उजेडात, खुर्चीत बसून, फोनच्या साध्या लेन्सनं प्रत्येक खोलीचे चार फोटो काढा. 0.5 ची, म्हणजे जास्त रुंद दृश्य पकडणारी, लेन्स वापरू नका. तिच्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि खोली उगाच लांबोडकी दिसते. बिल्डरांच्या जाहिरातीतला दहा बाय अकराचा बेडरूम दरबार हॉल दिसतो तो तिच्याच कृपेनं. मग ते फोटो कृष्णधवल करून बघा. रंग गेला की डोळा कुठे अडखळतो ते लगेच कळतं. राउटरच्या लोंबत्या वायरी, जुनं स्टॅबिलायझर, एकावर एक टांगलेली तीन कॅलेंडरं. रोज समोर असून ही आपल्याला दिसत नाहीत, फोटोत मात्र पहिल्यांदा तीच दिसतात. माझ्या स्वतःच्या घरी हा प्रयोग केला तेव्हा कळलं की दाराशेजारच्या खिळ्यावर आमच्या जुन्या भाड्याच्या घराची किल्ली नऊ वर्षं लटकते आहे.

काही मोठं विकत घ्यायचं झालं तर आधी रद्दीचे पेपर चिकटपट्टीनं जोडून त्या मापाचा तुकडा जमिनीवर अंथरा. तीन जणांचा सोफा साधारण सात फूट बाय तीन फूट. चार दिवस त्या कागदाला वळसा घालून घरात वावरा. मुलगा दोनदा त्यावरून धावला की निकाल आपोआप लागतो. जायला-यायला अडीच-तीन फूट वाट उरत नसेल तर सोफा मोठा आहे, दुकानदार काहीही म्हणो.

कोनाड्याचा एक फोटो तुमच्या गठ्ठ्यात तीनदा आला, म्हणून सांगते. वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड असायच्या, त्यात कोनाडा सहज बसायचा. तुमची इमारत नवीन असेल आणि मायवानची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेली, असेल तर सगळ्या भिंती काँक्रीटच्या आहेत आणि इमारतीचा भार त्यांच्यावर आहे. त्यांना छिन्नी लावायची नाही, सुतार 'होऊन जाईल मॅडम' म्हणाला तरी. दाराच्या चौकटीवर, हात वर केल्यावर पोचेल अशा उंचीला, भिंतभर एक फळी मारा. समई, पुस्तकं, तांब्याचा हंडा, सगळं तिच्यावर. जमीन मोकळी राहते.

कपड्यांचं म्हणाल तर पुण्यात जून ते सप्टेंबर कपडे घरातच वाळणार. छताला दोरीवर खालीवर होणारी दांडी लावून घ्या, ड्राय बाल्कनीत. तिथला पसारा आधी काढावा लागेल, त्याला माझ्याकडे युक्ती नाही.

आणि सासूबाईंचं कपाट. ते हलवायचा विचारही माझ्या भरवशावर करू नका. पण त्यांना एकदा विचारून बघा की ते कधी घेतलं, कुणी घेतलं, त्या वेळी किती पैसे पडले. ही कपाटं बहुतेक घरांत कुणाच्या तरी पहिल्या बोनसची असतात. मग त्यांचीच इच्छा असेल तर त्याला स्प्रेनं नवा रंग देणारे कारागीर पुण्यात मिळतात, बाहेर नेऊन दोन-चार दिवसांत परत आणून देतात. कोणता रंग ते त्यांनाच ठरवू द्या. माझ्या एका ओळखीच्या घरी सासूबाईंनी चिंतामणी रंग निवडला. सुनेनं आधी कपाळाला हात लावला, आता पाहुणे आले की पहिल्यांदा तेच कपाट दाखवते.

चाळीस हजारांचा हिशेब मी मुद्दामच मांडलेला नाही. दिवे, बांबूचा पडदा, फळी, दांडी आणि कपाटाचा रंग धरून निम्म्याहून कमीत भागायला हरकत नाही. उरलेले तसेच ठेवा, निदान संक्रांतीपर्यंत.

वीस फोटो आणि त्याखालच्या वीस ओळी मला पाठवा. आणि हो, संध्याकाळी सातनंतर ट्यूब बंद करून काढलेला हिरव्या भिंतीचा एक फोटोही. पंखा पुसू नका.